स्लॅबवरचं पाणी

२ एप्रिल १९८१, गुरुवार

"सलाब पडला गं बाय!" — पोशा गवंडी वरून ओरडला आणि माझ्या हातातला पळा चुलीत पडला! खाली मी कामकऱ्यांसाठी मटण ढवळत होते. त्याचं म्हणणं एवढंच, की काम संपलं, शेवटचं घमेलं ओतून झालं. पण ही काय सांगायची रीत? शेलूला दामूभावजींचा स्लॅब खरोखरच कोसळला, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. मला घाबरवायला मुद्दाम म्हणाला असेल. त्याच्या मिश्या तेव्हा हसत होत्या.

काही का असेना, घराला डोकं आलं! आमच्या बौद्धवाडीतला हा पहिला स्लॅब. सासूबाई सेंटरिंगच्या टेकूंमधून वाकून वाकून आत गेल्या, वरच्या फळ्यांना हात लावून आल्या. म्हणाल्या, "पेंढा नाय, कौल नाय. दगडाचं आभाळ केलंस गं."

मी रजा टाकून दिवसभर उन्हात उभी होते. पोशा सारखा म्हणे, "मास्तरीणबाय, तुमी घरात बसा, चा प्या." मी कशाला बसते! दुपारी ऊन चढलं तशी त्याने मालात पाणी वाढवायला लावलं. माल सैल झाला की पसरायला सोपा, गड्यांचे हात वाचतात. मी तिथल्या तिथे थांबवलं. तोंड वाकडं केलंन, पण थांबला. रेतीचंही तसंच — मातकट रेती आणून टाकली होती, ती धुऊन घेतल्याशिवाय मी घमेल्याला हात लावू दिला नाही. वाडीत माझं नाव पडलंय म्हणे, रेती धुणारी बाई. पडू दे.

पाय सुजलेत. पण झोप येणार नाही.

३ एप्रिल

पोशाने स्लॅबवर मातीचे बांध घातले, भाताच्या खाचरासारखे, आणि त्यांत पाणी सोडलं. ह्या खाचरांना तो आळी म्हणतो. तीन आठवडे ही आळी कोरडी पडता कामा नयेत. पाणी प्यायलं तर सिमेंटचा दगड होतो, नाहीतर राख. ह्या एका गोष्टीवर पोशाचं आणि माझं भांडण नाही.

दामूभावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांनी ऐन मे महिन्यात स्लॅब टाकला. पाणी मिळेना, म्हणून दिवसातून एकदा बादलीभर शिंपडायचे आणि समाधान मानायचे. श्रावणात सगळा खाली आला. खाली खाट होती. खाटेवर दुपारी त्यांची मुलगी निजते. त्या दिवशी ती शाळेत होती म्हणून! मी गेले तेव्हा एक तुकडा उचलून मुठीत दाबला, तर त्याचं पीठ झालं. ते पीठ मी अजून विसरलेले नाही. म्हणून मी रेती धुते.

पाण्याचा प्रश्न होताच. वाडीच्या विहिरीला पिण्यापुरतं पाणी, तेही पाळीपाळीने. गावची मोठी विहीर कायद्याने सगळ्यांची — पण आमची बाई गेली की तिथला रहाट कधी रिकामाच होत नाही. मी कर्जत बाजारातली, नळाखाली वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा एकदा भांडायला निघाले होते, सासूबाईंनी पदराला धरून मागे आणलं. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

म्हणून ठाकूरवाडीच्या ठकीला पाण्यावर लावलं. ती आणि तिचा नवरा जैतू नदीच्या डोहातून हंडे आणतील आणि मी उठायच्या आत वरची दोन्ही पिंपं भरून जातील. पिंपं मागच्या भिंतीच्या डोक्यावर ठेवलीत. मी शाळेत गेले, की सासूबाई डब्याने पिंपातलं पाणी आळ्यांत घालणार. त्यांनी हे काम आपण होऊन मागून घेतलं! शिडी कशी सरसर चढतात! मलाच धडकी भरते.

ठकीला बजावलं, काही होवो, पिंपं भरलेली दिसली पाहिजेत.

"पानी पायजेच?"

"पाहिजेच!"

"बरं."

५ एप्रिल, रविवार

हे आले. रसायनीला कारखान्यात पाळ्या, त्यामुळे घराला घरधनी रविवारीच दिसतो. वर चढले, आळ्यांत पाय सोडून बसले. लहान मुलासारखे! म्हणाले, बुद्धपौर्णिमेला आत राहायला जायचं. मी म्हटलं, स्लॅब म्हणेल तेव्हा.

७ एप्रिल

शाळेतून आले, वर चढले — दोन आळी कोरडी ठणठणीत! पिंपं रिकामी. सासूबाई म्हणाल्या, "ऊन पितंय गं."

आहे खरं ऊन. मांजरसुद्धा शिडीखालून हलत नाही.

८ एप्रिल

आज चार आळी कोरडी! पिंपं पुन्हा रिकामी! एवढं पाणी ऊन पितं? ऊन आहे की म्हैस?

गळतोय. नक्की गळतोय. पोशाने माझी पाठ वळली तेव्हा मालात काहीतरी केलंन. मटण ढवळायला मी खाली उतरले होते तेवढ्यात. तेवढ्यातच!

१० एप्रिल

पोशाला खालापूरहून बोलावून घेतलं आणि चार माणसांत चोर म्हटलं. हो, म्हटलं! माझं सिमेंट कुठे गेलं ते सांग म्हटलं. परमिटसाठी ह्यांनी चपला झिजवल्या त्या काय ह्यासाठी?

तो लाल झाला. सेंटरिंगखाली शिरला आणि फळीवर हात फिरवून हात माझ्यापुढे धरला. कोरडा. "गळतंय ना? मंग पानी कुटं जातंय बाय? माज्या खिशात?" मी स्वतः आत शिरले. सगळ्या फळ्या चाचपल्या. एकही ओली नाही! एका फळीवर मुंग्यांची रांग चालली होती, तीसुद्धा कोरड्या पायांनी.

जाताना पोशा म्हणाला, "पानी तुमीच मारत नाय, आन शिव्या गवंड्याला." मी? मी पाणी मारत नाही? मी!

सासूबाई मागे उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी पोशावर तुटून पडायला त्यांना निमित्त पुरतं.

११ एप्रिल

स्लॅबला चिरा.

मागच्या बाजूला, केसासारख्या. बोट फिरवलं तर लागत नाहीत, पण दिसतात. मी तिथेच बसले. शेलूची खाट डोळ्यांपुढे येत राहिली.

१२ एप्रिल, रविवार

ह्यांना चिरा दाखवल्या. म्हणाले, पोशाला विचारू. पोशाला कोण विचारणार? मी त्याला चोर म्हणून बसलेय! हेच गेले सायकलने खालापूरला. पोशाने निरोप धाडला — वरवरच्या असतील तर बऱ्या, आतपर्यंत असतील तर सेंटरिंग काढल्यावर कळंल. तोवर पानी मारा.

कळेल म्हणजे कसं? डोक्यात पडल्यावर?

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक आमच्या नव्या दारावरून गेली. सगळे मान वर करून स्लॅब बघत होते. मी खालून हसत होते आणि मनात म्हणत होते, लवकर पुढे सरका रे बाबांनो, खाली उभे राहू नका.

१५ एप्रिल

एस. टी.च्या थांब्यावर गावातल्या बायका बोलत होत्या — मोठ्या विहिरीत सकाळी नुसता गाळ. असं कधी झालं नव्हतं म्हणे. झरा मेला म्हणतात. मला पाहिल्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, नेहमीचंच.

१६ एप्रिल, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिणार.

सकाळची एस. टी. आली नाही. थांबून थांबून परत फिरले. पायवाटेने आले, मागच्या करवंदीच्या जाळीकडून. आणि जाळीआडून पाहते तर आमच्या घरामागे हंड्यांची रांग! गावच्या बायका! ज्यांच्या पायांना आमच्या वाडीची माती माझ्या देखत कधी लागली नाही त्या, डोक्यावरून पदर घेऊन, चूपचाप उभ्या. पुढे शकूवहिनी. मोठ्या विहिरीला लागून ज्यांचं घर, त्या सहदेवभाऊंची बायको. हंडा दोन्ही हातांनी वर धरून उभी.

आणि वर, स्लॅबच्या कडेला, माझ्या सासूबाई! पदर खोचलेला, हातात डालडाचा डबा. पिंपातून डबा भरायच्या आणि उंचावरून शकूवहिनीच्या हंड्यात धार सोडायच्या. हळू. अगदी हळू. धार वाऱ्याने हलायची, शकूवहिनीच्या चोळीवर पडायची, ती बाजूला व्हायची नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर कधी पाहिलेलं नाही. लग्नात नाही, शेलूची नात झाली तेव्हाही नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बायका पळाल्या. शकूवहिनी तेवढी उभी राहिली, अर्धा हंडा तसाच धरून. "मास्तरीण, एवढा भरू दे गं. गुरं तानेली हायत."

वरून सासूबाई म्हणाल्या, "भर तू. ही काय बोलनार? मी देते हाय."

मी शिडी चढून गेले. आळी कोरडी. सगळी! "सासूबाई, स्लॅब चिरतोय! आपलं घर आहे हे!"

"चिरू दे."

चिरू दे! असं म्हणाल्या! ज्या घरासाठी आम्ही चार वर्षं तोंडातला घास मागे ठेवला, त्या घराला! आणि सासूबाई शांतपणे खाली वाकल्या आणि शकूवहिनीचा हंडा गळ्यापर्यंत भरला.

दुपारी

सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं. मी विचारलं नव्हतं. भांडी घासत होते, पाठमोरी होते, म्हणून सांगता आलं असेल.

"मी नवी नवरी व्हते तवा इहिरीच्या कडंला उनात बसायची. आमाला रहाटाला हात लावायची सोय नव्हती. ह्या शकूची सासू यायची. तिला वाटलं तर वाढायची, नाय तर नाय. ती वर, मी खाली. मडकं असं वर धरायचं. वरनं वाढायची ती, अंग लागू नये म्हनून. अर्दं पानी अंगावं. हसायच्या गं सगळ्या. शिरपत, तुजा नवरा, पोटात व्हता तवा घेरी आली मला, मडकं फुटलं. तवाबी हसल्या."

मग म्हणाल्या — "आता तिची सून खाली हुबी हाय. मी हसत नाय. मी नुसती वाढते."

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं! एवढी वर्षं एका चुलीवर जेवतो! मला वाटायचं, विहिरीला त्या भितात. त्या दिवशी पदर धरून मला मागे ओढलं ते भीतीने नव्हतं तर. मी तिथे मडकं धरून उभी राहिलेली त्यांना बघायची नव्हती.

मी रडले. आणि रडता रडता चिडलेही. कारण स्लॅब चिरतोच आहे! त्यांच्या वाट्याला जे आलं त्याची भरपाई माझ्या स्लॅबने का करावी?

१७ एप्रिल

शिडी काढून लपवली. रजा टाकली. आळी मीच भरली. सासूबाई जेवल्या नाहीत. घरामागे बायका आल्या, शिडीच्या रिकाम्या जागेकडे बघून परत गेल्या.

शकूवहिनी जाळीपाशी बराच वेळ बसून होती. मी खिडकीतून बघत होते. मला काय वाटावं हेच कळेना. हिच्या सासूने हसावं, आणि हिच्या गुरांनी तहानेनं मरावं?

१९ एप्रिल, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हे तरी आईला चार शब्द सुनावतील. ह्यांनी आधी वर स्लॅबकडे बघितलं. मग म्हणाले, "स्लॅब काय, पुन्हा टाकता येईल. आईला हे पुन्हा कधी मिळणार?"

पुन्हा टाकता येईल! मी तडकले! परमिट पुन्हा कोण देणार? आणि तो डोक्यात पडल्यावर मग पुन्हा टाकायला राहणार कोण? दामूभावजींकडे जाऊन विचारा म्हटलं. दोघं मायलेक दगड आहेत नुसते! आळ्यांत पाणी सोडलंत काय आणि नाही काय!

हे म्हणाले, "मी पाच-सहा वर्षांचा होतो. तिच्याबरोबर विहिरीवर उभा असायचो. मलाही आठवतं." एवढंच. आणि सायकल पुसायला गेले.

शेवटी मीच तोड काढली. बाकी कुणाला सुचणार होती? ठकीला सांगितलं, आणखी एक पिंप वाढव, खेपा वाढव, ठाकूरवाडीतून हाताशी माणूस घे. आधी आळी भरायची, मग उरेल ते सासूबाईंनी कुणालाही वाढावं. वरून वाढा, खालून वाढा, मी बोलणार नाही. सासूबाई जेवल्या. दोन भाकरी जेवल्या!

ठकी जरा घुटमळली. "लय पानी व्हतंय, मास्तरीण."

मी म्हटलं, "मजुरी वाढवून देते."

२१ एप्रिल

जमलं! तिन्ही पिंपं पहाटे काठोकाठ. आळी दिवसभर ओली. सासूबाईंची धार चालू. स्लॅबही प्यायला, गावही प्यायला. माझं मलाच कौतुक वाटतंय.

२३ एप्रिल

रांग वाढतेच आहे. काल ज्या नव्हत्या त्या आज आल्या. गावच्या विहिरीत आता सकाळी हंडाही बुडत नाही म्हणे. एक म्हातारी तर गावाच्या पार वरच्या टोकाकडून आली, काठी टेकत. तिच्यासाठी सासूबाई स्वतः हंडा घेऊन शिडी उतरल्या! उतरून तिच्या हातात दिला. मी बघत राहिले. म्हटलं, हिला का उतरून?

"ही हसायची नाय," म्हणाल्या. "हिनं एकदा मला आदी वाढलं व्हतं."

२४ एप्रिल

आज शकूवहिनी माझ्याशी बोलली. थांब्यावर, सगळ्यांदेखत! म्हणाली, "तुमची म्हातारी नसती तर आमी गुरं इकून टाकली असती बघ." आणि माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या. शेंगा घेऊन शाळेत गेले आणि दिवसभर मुलांवर ओरडले नाही.

२६ एप्रिल, रविवार

सेंटरिंग काढलं.

पोशा आला. माझ्याकडे न बघता कामाला लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "चोर म्हटलं, चुकलं माझं." तो गटागटा प्याला, तोंड पुसलंन, म्हणाला, "बाय, मालात पानी जास्त घालत व्हतो त्ये तर खरंच व्हतं. तुमी व्हता म्हनून नाय घातलं." घ्या! म्हणजे मी बरोबरच होते!

एकेक टेकू ठोकून काढत गेले. सगळ्यांना बाहेर काढलं होतं. शेवटचा टेकू पडला. फळ्या सुटल्या. धूळ खाली बसली. स्लॅब जागचा हलला नाही! पोशा आत जाऊन हातोडीने खालून ठोकत फिरला — खणखणीत! चिरांच्या जागी मुद्दाम दोनदा ठोकलंन. "वरवरच्या हायत. आत दगड झालाय दगड!"

आणि वळून बघतो तर मधल्या खोलीत, भर मध्यावर, सासूबाई मांडी घालून बसलेल्या! कधी शिरल्या कुणाला कळलंच नाही! मी आत धावले, तर त्या वर बघून म्हणतात, "गार वाटतंय गं."

हे रडत होते. मी नाही रडले. मी स्लॅबकडे बघत होते. शेवटी घर झालं! ह्या छपराखाली आता कुणीही, कधीही, खुशाल निजावं.

२७ एप्रिल

घरभरणी बुद्धपौर्णिमेला ठरली. सासूबाईंनी बोलावणी करायची नावं सांगितली — आपली वाडी, शेलूचे दामूभावजी, पोशा, ठकी-जैतू. आणि शकूवहिनी. मी वर बघितलं. "बघतेस काय? येते म्हनली ती."

ठकीकडे मी स्वतः जाणार. एवढं पाणी डोक्यावरून वाहिलं तिने, तिला निरोप धाडणं बरं दिसत नाही.

२९ एप्रिल

ठाकूरवाडीला गेले होते. वाटेत डोह लागतो. डोहात पाणी नाही! नुसती भेगाळलेली माती, तिच्यावर शेळ्यांच्या लेंड्या वाळून गेलेल्या. ठकी म्हणाली, "ह्यो तं होळीलाच आटला."

मग आमचं पाणी?

"गावच्या इहिरीतलं. रातभर पाझरून साचायचं, त्ये आमी पहाटं गाव उठायच्या आदी उपसून आनायचो. तू म्हनलीस पानी पायजेच. कुटलं, त्ये कुटं इचारलंस?"

झरा मेला नव्हता. तो आमच्या स्लॅबवर होता. शकूवहिनी हंडा वर धरून उभी राहिली ती तिच्याच दारच्या विहिरीच्या पाण्यासाठी. आणि मी पिंप वाढवलं! खेपा वाढवल्या!

घरी आले तर सासूबाई नव्या ओटीवर बसलेल्या. म्हणाल्या, "शकूला म्या आत बसवनार, मानानं. आन पानी तिच्या हातात देनार. आता वरनं नाय वाढायचं. झालं माजं." मग म्हणाल्या, "काय गं, तोंड असं का? ठकी येनार ना?"

मी हो म्हणाले. येणार म्हणाले.